अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम, पांडवलेणी आणि गावातली जुनी देवळं: एका दिवसात नीट कसं बघायचं

त्र्यंबकला जाताना आपण सगळेच अंजनेरी फाट्यावरून सुसाट पुढे जातो. फार तर पावसाळ्यात डोंगर चढायला थांबतो, फोटो काढतो आणि परत. पण या एका गावाच्या आजूबाजूला दोन हजार वर्षांचा ऐवज आहे आणि तो योग्य क्रमाने बघितला तर एकातलं दुसऱ्यात कळतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पांडवलेणी, मग अंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम, मग गावातली देवळं. बरेच जण उलटं करतात, आधी त्र्यंबकचं दर्शन, मग वेळ उरला तर बाकीचं, आणि वेळ कधी उरतच नाही, कारण दर्शनाची रांग किती लांबेल ते कुणाच्या हातात नसतं. दर्शन करायचंच असेल तर ते शेवटी ठेवा नाहीतर वेगळ्या दिवशी करा.

पांडवलेणी म्हणजे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी, मुंबई-आग्रा हायवेला लागून आहेत, नाशिक शहरापासून साधारण ८ किलोमीटर. सकाळी लवकर पोहोचा, पायऱ्या बऱ्यापैकी चढायच्या आहेत आणि ऊन वाढल्यावर लहान मुलं आणि म्हातारी माणसं दमतात. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही. एकूण २४ लेणी आहेत पण सगळ्या सारख्याच वेळ देऊन बघत बसू नका. माझं मत विचाराल तर ३, १०, १८ आणि १९ या चार लेण्यांना भरपूर वेळ द्या आणि बाकीच्या चालता चालता बघा.

मूर्ती सगळेच बघतात, आपण अक्षरं बघायची. लेख ब्राह्मी लिपीत आहेत, बरेचसे प्राकृतात. मोबाईलचा टॉर्च सरळ समोरून मारला तर काही दिसत नाही, बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटून उजेड पाडा, मग खाचांमध्ये सावली पडते आणि अक्षर न् अक्षर उठून दिसतं. हात मात्र लावायचा नाही, खडू किंवा पाणी लावून वाचायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही.

१९ नंबरचं लेणं लहान आहे, बाहेरून काही खास वाटत नाही, पण इथल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ते आहे. सातवाहन कुळातला कन्ह म्हणजे कृष्ण राजा असताना नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याने, ते कोरून घेतलं असं तिथे लिहिलंय. आपल्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं आहे, मुलांना हे तिथे उभं राहून सांगा. शेजारचं १८ नंबरचं चैत्य म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह आहे, त्यावरही नाशिकच्या लोकांचा, धंभिक गावाच्या दानाचा उल्लेख आहे, म्हणजे फक्त राजेच नाही तर साध्या गावकऱ्यांनी मिळूनही दान दिलेलं.

आता १० नंबर. हे क्षत्रप म्हणजे शक घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेलं लेणं. व्हरांड्यातले लेख बघा. त्यात चक्क फिक्स डिपॉझिटचा हिशोब आहे. त्याने ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे ठेवली, २००० एका श्रेणीकडे महिना १ टक्का व्याजाने आणि १००० दुसरीकडे महिना पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणं कपड्यांसाठी. हिशोब करून बघा, महिन्याला २०, वर्षाला २४०, बरोबर २० जणांना १२-१२! हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला आणि नोंदवलाही गेला असं पुढे लिहिलंय. आणि ७०,००० कार्षापणं म्हणजे २००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला ३५ कार्षापणं असा भावही त्यात दिलाय. कार्षापण हा शब्द लक्षात ठेवा, म्युझियममध्ये उपयोगी पडेल. गोवर्धन तर गंगापूर रोडवरचं आपलं गोवर्धन गाव, आजही आहेच.

तिथून ३ नंबरच्या लेण्यात या. इथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरलेला. त्यात ती आपल्या मुलाला ‘खखरातवंसनिरवसेसकर’ म्हणते, म्हणजे क्षहरातांचा वंश पुरता संपवणारा. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं! काही पावलांवर १० नंबरमध्ये ज्याच्या जावयाने दान दिलं त्याच घराण्याचा शेवट इथे एका आईने लिहून ठेवलाय. या दोन लेण्यांमध्ये दोनदा ये-जा करा, कंटाळा करू नका.

मग खाली उतरून मिसळ वगैरे काय खायचं ते खा आणि त्र्यंबक रोड धरा. स्वतःची गाडी नसेल तर नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या एसटी आणि सिटीलिंक बस आहेत, अंजनेरीला उतरवायला सांगा. शहरापासून अंजनेरी २० किलोमीटरच्या आसपास. नाण्यांचं म्युझियम त्र्यंबक रोडवरच, डोंगराच्या समोरच्या बाजूला आहे. ही खरं तर नाणेशास्त्राची संशोधन संस्था, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये उभी केलेली, आणि म्युझियम तिचाच भाग. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, ते विचारून घ्या, शाळेची ट्रिप असेल तर नक्कीच. फोटो काढायचे तर परवानगी आधी मागा.

इथे लोक चूक करतात ती अशी की पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत सगळं सारखं बघत जातात आणि अर्ध्या तासात बाहेर. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन आत शिरा: नहपानाचं नाणं कसं होतं आणि सातकर्णीने त्याचं काय केलं? तिथल्या माणसांना सरळ विचारा, या विषयावर काय काय बघायला आहे ते. नाण्याची बातमी अशी की १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,२५० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले! मूळ नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. सातकर्णीने त्यावर एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि आपलं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या टोकांना चार गोल, असं ठोकलं. नाणी वितळवली नाहीत, तीच वर शिक्का मारून चालवली, त्यामुळे ठशाच्या खालून नहपानाचं नाक-डोळे डोकावतात. सकाळी भिंतीवर वाचलेलं ‘निरवसेसकर’ चांदीवर असं दिसतं. लेण्यातल्या लेखातली कार्षापणं म्हणजे हातात मावणारी, जेमतेम २ ग्रॅमच्या आसपासची नाणी, हे कळल्यावर मुलांचे डोळे बघा.

बाकीच्या दालनांमध्ये नाणी पाडायची पद्धत समजून घ्या, आहत नाणी म्हणजे ज्यांवर वेगवेगळे छोटे ठसे मारलेत ती, आणि नंतरची पूर्ण ठशाची नाणी, हा फरक समजला तरी खूप झालं. भिंगाऐवजी मोबाईलचा झूम चालतो.

आता गाव. अंजनेरी गावात आणि शेतांच्या मधे जुनी हिंदू आणि जैन देवळं विखुरलेली आहेत, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली १६, काहींच्या नुसत्या भिंती उरल्यात. बोर्ड बघत हिंडण्यापेक्षा गावातल्या एखाद्या आजोबांना किंवा मावशींना विचारा, ते शेतातून रस्ता दाखवतात, पण पिकातून तुडवत जायचं नाही. इथे यादवांच्या काळातला शके १०६३ चा, म्हणजे ११४१-४२ चा संस्कृत शिलालेख आहे, आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या देवळाला दुकानांचं उत्पन्न दान दिल्याचा. म्हणजे तेव्हा इथे बाजारपेठ होती. अंजनेरीला त्याच्याही आधीचे, ७०९-१० च्या सुमाराचे भोगशक्ती राजाचे ताम्रपट सापडलेत. उतरत्या उन्हात कोरीव काम छान दिसतं म्हणून देवळं संध्याकाळकडे ठेवायला सांगतोय.

डोंगर याच दिवसात कोंबू नका. साधारण १३०० मीटर उंची आहे, चढून-उतरून अर्धा दिवस जातो, वर अंजनीमातेचं देऊळ आणि वाटेत जैन लेणी आहे. हनुमान जयंतीला आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तुफान गर्दी असते. गेलात तर झाडंझुडपं उपटू नका, सेरोपेजिया अंजनेरिका नावाची दुर्मिळ वनस्पती या डोंगराच्या नावानेच ओळखली जाते. माकडांपासून पिशव्या सांभाळा आणि त्यांना खायला देऊ नका.

श्रावणातले सोमवार टाळा, विशेषतः तिसरा, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेमुळे त्र्यंबक रोड भरून वाहतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात तर आधी वाहतुकीची माहिती घेतल्याशिवाय निघूच नका.

दुसरा दिवस असेल तर पुणे रोडने सिन्नरला गोंदेश्वर बघा, नाशिकपासून साधारण ३० किलोमीटर. पंचायतन आहे, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, पार्वती, गणपती. यादवकाळातलं इतकं धड राहिलेलं देऊळ या भागात दुसरं नाही असं माझं मत. आदल्या संध्याकाळी अंजनेरीत पडकी देवळं बघितली असतील तर तिथला कुठला तुकडा मूळ देवळात नेमका कुठे बसत असेल ते इथे समजतं. जोगलटेंभीही याच तालुक्यात आहे, दारणा आणि गोदावरीच्या संगमावर. साठ्याचं बघायला आता तिथे काही नाही, पण नदीकाठी शांत बसता येतं, जेवणाचा डबा बरोबर घ्या.