पाणी-मिथेनॉल फवारा बसवण्याआधीची तयारी

मे महिन्यातल्या दुपारी ठाण्यातल्या माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने निघालेली टर्बो पेट्रोल गाडी वाहतुकीत रखडत कासारवडवलीपर्यंत येते, तोवर ओबीडी स्कॅनरच्या (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. पुढे गायमुखच्या चढावर रस्ता मोकळा मिळाला आणि ॲक्सिलरेटर दाबला, तरी गाडी सकाळसारखी उचल घेत नाही. हवा इतकी तापलेली असते की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण आपोआप पेटू लागते (यालाच नॉकिंग म्हणतात), नॉक सेन्सर ते ओळखतो आणि इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. इंजिनात जाणाऱ्या हवेत सोडलेला पाणी आणि मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) यांचा फवारा हा नेमका याच दुखण्यावरचा उपाय आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यशाळेत असे संच बसवताना मी जी तयारी ज्या क्रमाने करतो, ती येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी गाडीला हे दुखणे खरोखर आहे का, हे पाहावे. त्यासाठी स्कॅनर जोडून हवेचे तापमान, बूस्टचा (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा) दाब, ठिणगीची वेळ आणि नॉकमुळे मागे घेतलेले अंश यांची नोंद घ्यावी. शक्य असल्यास ती डायनोवर (उभ्या गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) घ्यावी, म्हणजे रस्त्यावर वेग वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. एक नोंद पहाटेची आणि एक भर दुपारची असावी. दोन्ही नोंदी सारख्याच असतील आणि बूस्ट वाढवण्याचा विचारही नसेल, तर या खटाटोपात पडू नये. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनालाही याचा फारसा लाभ होत नाही. नोंदीत दोष दिसला, तरी इंटरकूलरच्या (टर्बोनंतरची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांची गळती, जुने स्पार्क प्लग आणि चिखलाने भरलेला इंटरकूलर ही कारणे आधी दूर करावीत. माझ्याकडे आलेल्या काही गाड्यांचे काम तेवढ्यावरच भागले, आणि त्याचे मला समाधानच वाटले.

संच मागवण्याआधी त्याचे काम समजून घेणेही मी तयारीतच धरतो, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर अवलंबून असतात. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. एक किलो मिथेनॉल सुमारे १,१०० किलोज्यूल शोषते आणि पेट्रोल जेमतेम ३५० च्या आसपास. मिथेनॉल ६५ अंशांच्या सुमारास उकळत असल्याने ते वाटेतच भराभर उडते आणि थ्रॉटलपर्यंत (हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपेपर्यंत) पोहोचणारी हवा थंड व दाट करते, तर पाण्याचा मोठा भाग सूक्ष्म थेंबांच्या रूपात सिलिंडरमध्ये जातो आणि तिथे, जिथे उष्णता सर्वाधिक जाचक असते, तिथे वाफ होऊन ती शोषून घेतो. मिथेनॉल हे स्वतः चांगल्या ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला दाद न देणारे इंधन आहे, पाण्यातून मात्र कोणतीही ऊर्जा मिळत नाही. म्हणून ताकद वाढते ती नॉकिंग थांबल्यामुळे ठिणगीची वेळ पुढे घेता येते आणि बूस्ट वाढवता येतो म्हणून. नॉकिंगच नसलेल्या इंजिनात भरमसाट पाणी सोडले, तर ज्वलन मंदावून ताकद उलट घटते.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या डाइम्लर-बेंझ ६०५ इंजिनात ‘एमडब्ल्यू ५०’ नावाचे मिश्रण वापरत, त्यात निम्मे मिथेनॉल, जवळपास निम्मे पाणी आणि अर्धा टक्का गंजरोधक तेल असे. १९६२ सालच्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो मोटारीतही असेच मिश्रण होते, आणि त्याची टाकी रिकामी झाल्यास बूस्ट आपोआप रोखण्याची सोय त्या काळातही केलेली होती; ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे कारण पुढे येईलच. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या बीएमडब्ल्यू एम४ जीटीएसने तर नुसत्या पाण्यावरच हे काम साधले.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी तो संच विकत घेण्याआधी उरकावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल गाडीत करता येत नाही; म्हणून रस्त्यावर चालणारी गाडी असेल, तर आधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. शर्यतीच्या ट्रॅकपुरत्या ठेवलेल्या गाडीसाठी हा प्रश्न सोपा असतो. मिथेनॉलबद्दल तर अधिकच काटेकोर राहावे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉलमुळेच. आणि महाराष्ट्रात त्याची विक्री विषविषयक परवान्यांच्या चौकटीत ठेवलेली आहे ती उगाच नव्हे. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात रसायनांचा व्यवसाय मोठा आहे म्हणून कोणाच्या तरी ओळखीने बिनापावतीचा कॅन उचलून आणणे हा मार्ग नव्हे. परवानाधारक विक्रेत्याकडून रीतसर मिळत असेल तरच घ्यावे, नाहीतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर सुरुवात करावी. पहिला संच बसवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवतो, कारण नॉकिंग आवरण्याचा बहुतांश लाभ पाण्यातूनच मिळतो.

मिथेनॉल मिळालेच, तर मिश्रण करण्याची जागा उघडी व हवेशीर असावी, जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू नसावे, हातात ब्युटाइल रबराचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हे द्रव कातडीतूनही शरीरात शिरते, पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, आणि लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. त्यामुळे काही झाल्यास बरे वाटते म्हणून घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, आणि निम्मे पाणी असलेले मिश्रणसुद्धा उन्हाळ्याच्या तापमानात पेट घेऊ शकते, म्हणून ड्राय पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवूनच झाकण उघडावे. पाणी डिस्टिल्डच घ्यावे. नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी त्यातले क्षार फवारा सोडणाऱ्या नोझलच्या बारीक छिद्रावर पांढरे कवच धरतात. प्रमाण निम्मे-निम्मे ठेवायचे असेल, तर ते आकारमानाने ठेवायचे की वजनाने, हे ठरवून तेच कायम ठेवावे, कारण एक लिटर मिथेनॉल साधारण ७९० ग्रॅमच भरते. एक लिटर पाण्यात एक लिटर मिथेनॉल ओतल्यावर भांडे हाताला किंचित कोमट लागते आणि मिश्रण दोन लिटरच्या खुणेला थोडे कमी पडते. ते सांडले नाही, दोन द्रवे एकमेकांत मुरल्याने तसे होते. भांड्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘विष’ असे लिहावे, आणि पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत हे द्रव एक मिनिटसुद्धा ठेवू नये.

टाकी डिकीत बसवावी की बोनेटखाली, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत डिकीच्या बाजूने आहे, कारण बोनेटखाली एक्झॉस्टची धग असते. मात्र डिकीतील टाकी घट्ट झाकणाची असावी आणि तिची हवानळी गाडीबाहेर काढावी. मिथेनॉल ॲल्युमिनियम आणि काही प्रकारचे रबर खाते, तेव्हा नळी नायलॉनची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) आणि जोड स्टेनलेस स्टीलचे असावेत. बूस्ट नसताना इंजिन हवा ओढून घेते आणि त्या ओढीने नोझलमधून द्रवही टपकू लागते. टाकी नोझलपेक्षा उंचावर असेल तर गाडी उभी असतानाही ते रात्रभर उतरत राहते, आणि सकाळी स्टार्टर मारताच सिलिंडरमधल्या न दाबल्या जाणाऱ्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नोझलजवळ चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) दोन्ही असावेत. नोझलची जागा इंटरकूलरनंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या थोडी अलीकडे असावी. हवेचे वजन मोजणारा सेन्सर हवेच्या वाटेत नोझलनंतर येता कामा नये, आणि तापमानाच्या सेन्सरवर थेट फवारा बसू नये, नाहीतर संगणकाला खोटा थंडावा दिसतो.

नोझलचे माप अंदाजाने घेऊ नये. १८० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात साधारण ४१ किलो, म्हणजे सुमारे ५५ लिटर पेट्रोल ताशी जाळते. मिनिटाला ते ९२० मिलिलिटरच्या आसपास येते. त्याच्या १० ते २५ टक्के इतका फवारा सामान्यतः वापरतात. मी १५ टक्क्यांपासून, म्हणजे या इंजिनासाठी मिनिटाला १४० मिलिलिटरपासून सुरुवात करतो. नोझल बसवण्याआधी ती काचेच्या बरणीच्या तोंडावर धरावी, टाकीत फक्त पाणी भरावे, पंप एक मिनिट चालवावा आणि बरणीत जमलेले पाणी मोजून वहीत लिहावे. पंपाचा दाब १० बारच्या वर असेल तर बरणीत दाट धुके भरते आणि काचेवर बारीक दव धरते. धारा पडताना दिसल्या, तर नोझल अडकलेली आहे किंवा दाब कमी आहे, आणि अशी नोझल गाडीला लावू नये.

यानंतर येतो तो भाग, ज्यावर मी सर्वाधिक वेळ घालवतो. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीत टाकीतील पातळी दाखवणारा दिवा बसवला होता आणि तेवढे पुरेसे आहे असे मी समजत होतो. नाशिक महामार्गावर कसाऱ्याच्या चढावर पंपाचा फ्यूज गेला. टाकी भरलेली होती, दिवा हिरवा होता, मॅपिंग (संगणकात ठरवलेले ठिणगी, बूस्ट आणि इंधनाचे आकडे) मात्र फवारा येतोच आहे असे धरून केलेले होते. खडखडाट ऐकू येऊन मित्राने पाय काढेपर्यंत एका पिस्टनची रिंगेजवळची कड तुटलेली होती. तो दोष माझा होता. तेव्हापासून पातळीच्या सेन्सरबरोबर नळीत प्रवाह मोजणारा सेन्सरही असल्याशिवाय मी ताकदीचे मॅपिंग करू देत नाही. त्या सेन्सरचा इशारा डॅशबोर्डवरच्या दिव्याबरोबरच बूस्ट ठरवणाऱ्या सोलेनॉइडपर्यंतही पोहोचला पाहिजे, म्हणजे प्रवाह थांबताच बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपुरता खाली येईल आणि संगणक ठिणगीच्या जुन्या, सौम्य टायमिंगवर परतेल. बसवल्यावर ही सोय मुद्दाम बिघाड करून तपासावी: पंपाचा फ्यूज काढावा, नळी चिमटीत धरावी, टाकी रिकामी करावी, आणि तिन्ही वेळा बूस्ट खरोखर पडतो हे स्कॅनरवर पाहावे.

मॅपिंगच्या दिवशी आधी जुन्या मॅपिंगवर फवारा चालू करून नुसती नोंद घ्यावी. हवेचे तापमान उतरलेले आणि मागे घेतलेले टायमिंग परत आलेले दिसले, म्हणजे संच काम करतो आहे. त्यानंतरच टायमिंग एकेक अंशाने पुढे घ्यावे. मिथेनॉल वापरत असल्यास त्याचे इंधन जमेस धरून पेट्रोल किंचित कमी करावे लागते. फवारा पूर्ण बूस्टच्या साधारण ६० टक्क्यांवर सुरू व्हावा आणि बूस्टबरोबर वाढत जावा. कमी फिरतीवर सोडलेले पाणी ज्वलन विझवते आणि गाडी धक्के देते.

पावसाळ्यात ठाण्याची हवा आधीच ओलसर असल्याने सेवनमार्गात पाणी थोडे सावकाश उडते, सिलिंडरमधल्या कामावर मात्र त्याचा फारसा फरक पडत नाही. तरी जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये नोंदी नव्याने घ्याव्यात. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर स्पार्क प्लग काढून त्यांच्या पोर्सिलिनवर चमकणारे ॲल्युमिनियमचे कण आहेत का ते भिंगाखाली पाहावे, कारण ते पिस्टनचेच असतात. इंजिन ऑइलची पट्टी काढून त्यावर दुधी रंग आला नाही ना, हेही पाहावे. त्याच दिवशी नोझलची जाळी काढून डिस्टिल्ड पाण्यात धुवावी, बरणीतले मोजमाप पुन्हा करावे आणि तो आकडा वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहावा.