काम सुटलं तर आधी कागद गोळा करा: ईएसआयच्या बेकारी भत्त्याची तयारी

राजीनाम्यावर सही करू नका. यादीतली पहिली गोष्ट हीच, आणि ती काम सुटायच्या आधीची आहे. बेळगावातलं उद्यमबाग असो, मच्छे असो की काकती-होनग्याकडचे कारखाने, ऑर्डरी कमी झाल्या की ‘स्वखुशीने काम सोडत आहे’ असा टाइप केलेला कागद पुढं येतो आणि सही केली तर हिशेब लवकर होईल असं सांगितलं जातं. हिशेबाचे पैसे तुमचेच असतात, ते कुठं जात नाहीत. पण स्वतःहून सोडल्याची नोंद एकदा झाली की पुढच्या भत्त्यावर पाणी सोडल्यातच जमा. म्हणून कामावरून कमी केल्याचं पत्र मागा, त्यावर तारीख आणि कारण लिहून घ्या. पत्र देत नसतील तर निदान लेखी मागणी करून तिची पोच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘उद्यापासून येऊ नका’ हा मेसेजसुद्धा पुसू नका.

हा भत्ता म्हणजे ईएसआयची, म्हणजेच राज्य कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 पासूनची. मुदत संपली की सरकार ती वाढवत आलंय, तेव्हा अर्जाच्या दिवशी ती चालू आहे ना, एवढं शाखा कार्यालयात विचारून घ्या. रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. महिना पंधरा हजार पगार असेल तर रोजचे साधारण अडीचशे, म्हणजे पूर्ण 90 दिवसांचे साडेबावीस हजारांच्या आसपास. घर चालायचं नाही त्यात, पण तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघतो. गैरवर्तनासाठी काढलेल्यांना, वयानं निवृत्त झालेल्यांना आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना हे पैसे मिळत नाहीत.

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का ते आता बघा. तुमच्याकडून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. त्यापुढं मोजायचे ते दिवस. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत असतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या तुकड्यात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या एखाद्या तुकड्यातही तेवढीच. कायम कामगाराला हे सहज जमतं. अडतो तो कंत्राटी माणूस, कारण मधेच ब्रेक देऊन दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर चढवलेलं असतं. ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून महिनावार दिवस तपासा आणि त्या पानाची प्रिंट काढा. दहा आकडी नंबर तुमचा, सतरा आकडी कंपनीचा. दोन्ही लिहून ठेवा.

काम सुटल्यापासून 30 दिवसांनी अर्ज करता येतो. तो महिना नावं जुळवण्यात घालवा. आपल्या भागात खरी गोम इथंच आहे. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधारवरचं इंग्रजी कन्नडवरून आलेलं. मग ज्ञानेश्वरचं स्पेलिंग एका ठिकाणी ‘डी’नं सुरू होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘जे’नं, चव्हाणचं चौहान होतं, कुठं आडनाव शेवटी, तर कुठं वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, नाव मात्र आधार, बँक, ईएसआय आणि पीएफ या चारही ठिकाणी आजच एकसारखं करून घ्या. पीएफमधल्या दुरुस्तीला काही वेळा, विशेषतः खातं जुनं असेल तर, कंपनीची संमती लागते, आणि गेट बंद झाल्यावर ती मिळवणं कठीण. त्यामुळं अजून कामावर असाल तर हे काम या आठवड्यातलं समजा.

बँकेचं पासबुक काढून आयएफएससी तपासा. सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली, कर्नाटक विकास ग्रामीण बँक मे 2025 मध्ये कर्नाटक ग्रामीण बँकेत; पासबुक जुनं असेल तर कोडही जुनाच असणार. पतसंस्थेचं खातं देऊ नका. खातं तुमच्याच नावाचं, चालू आणि आधार जोडलेलं हवं.

निपाणीत राहून कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांना वाटतं, आपण कर्नाटकातले, काम महाराष्ट्रातलं, मग मागायचं कुणाकडं? ईएसआय आणि पीएफ दोन्ही केंद्राचे, घर कुठल्या राज्यात आहे यानं हक्क जात नाही. फक्त आपली नोंद कुठल्या शाखा कार्यालयाखाली आहे ते आधी बघा, नाहीतर बेळगाव-कोल्हापूर फेऱ्यांतच भत्ता संपेल.

युवानिधीचा यात गोंधळ करू नका. ती कर्नाटक राज्याची योजना 2022-23 पासून पुढं पास झालेल्या पदवी-डिप्लोमावाल्या बेकार पोरांसाठी आहे: पदवीला महिना 3000, डिप्लोमाला 1500, जास्तीत जास्त दोन वर्षं. वीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या मोल्डरला तिचा उपयोग नाही, घरातल्या मुलाला असू शकतो.

कारखानाच बंद पडला असेल किंवा कायद्यानं कामगारकपात झाली असेल तर शाखा कार्यालयातल्या साहेबांना ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचं स्पष्ट विचारा. तिथली मुदत 24 महिन्यांपर्यंत जाते, म्हणून 90 दिवसांच्या अर्जाची घाई करण्याआधी हे विचारलेलं बरं.

पीएफवर लगेच तुटून पडू नका. कंपनीनं काम सुटल्याची तारीख भरली नसेल तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते. ती ईएसआयच्या अर्जातल्या तारखेशी जुळली पाहिजे. पेन्शनसाठी धरली जाणारी नोकरी दहा वर्षांच्या आत असेल तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत जोडून घ्यायचा दाखला, घ्यायचा पर्याय असतो. पुढं दुसरीकडं काम लागायची आशा असेल तर माझं मत सर्टिफिकेटच्या बाजूनं.

अर्ज भरला की क्लेम नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, एक प्रिंट घरात ठेवा, आणि मधेच नवं काम लागलं तर तसं कळवा. मधल्या बेकारीच्या दिवसांचे पैसे तरीही मागता येतात.