डावं पान, उजवं पान: इशाऱ्याच्या वचनांवर रोज मनन कसं करावं

माझं काम हिशेब तपासायचं. इतरांनी केलेल्या नोंदी पाहायच्या, बेरीज जुळते का बघायचं, चूक दिसली की लाल पेनाने खूण करायची. अहवाल मी तयार करते, खाली सही साहेबांची असते. म्हणूनच असेल, पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, बारूख भेटला तेव्हा हा माणूस मला ओळखीचा वाटला. यिर्मया संदेष्टा सांगायचा आणि बारूख शाईने गुंडाळीवर उतरवून घ्यायचा. संदेश देवाचा, तोंड यिर्मयाचं, दुखणारी बोटं मात्र बारूखाची.

यिर्मयाचा ४५ वा अध्याय खास या लेखनिकासाठी आहे आणि त्यात अवघी ५ वचनं आहेत. इशारा देणाऱ्या वचनांवर रोज मनन करायची सवय लावून घ्यायची असेल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगते. वर्ष यहोयाकीम राजाचं चौथं, म्हणजे इ. स. पू. ६०५ च्या सुमाराचं. बारूख कण्हतोय: दुःखात भर पडली, थकलो, कुठे विसावा नाही. देव त्याची समजूत काढत नाही. जे मी बांधलं ते मीच पाडतो आहे, असं सांगून विचारतो, आणि तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी मागतोस? मागू नकोस. लगेच एक आश्वासनही देतो: तू जाशील तिथे तुझा जीव वाचवीन.

बारूखाला नेमकं काय हवं होतं ते शास्त्र सांगत नाही. पण ५१ व्या अध्यायात सराया नावाचा दरबारी अधिकारी येतो, तोही नेरीयाचाच मुलगा, म्हणजे बारूखाचा भाऊ. भाऊ राजाबरोबर बाबेलला जातो आणि आपण एका नावडत्या संदेष्ट्याची गुंडाळी काखोटीला मारून फिरतो. मला तर हे वाचताना बरंच काही कळतं. तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात.

आता पद्धत सांगते. सकाळची १५ मिनिटं पुरतात, पण ती दिवसाच्या पहिल्या मेसेजच्या आधीची हवीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनवर शास्त्र वाचणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, फक्त मला ते जमलं नाही. वचनाच्या वरच्या बाजूला कुणाच्या तरी बढतीची बातमी सरकून जायची आणि माझं मनन तिथेच संपायचं. भाग छोटा घ्या, १० ते १५ वचनांचा. एकदा मनात वाचा, मग मोठ्याने. मोठ्याने वाचताना जिभेला जिथे अडखळायला होतं किंवा घाईने पुढे पळावंसं वाटतं, तिथे पेन्सिलने बारीक खूण करा. बहुतेकदा त्या दिवसाचा इशारा तिथेच असतो.

मग वही. माझी वही दोन पानांची आहे, म्हणजे उघडल्यावर जी दोन पानं समोर येतात ती मिळून एक दिवस. डाव्या पानावर तारीख आणि इशारा, एकाच ओळीत, स्वतःच्या शब्दांत. उजवं पान सकाळी कोरं सोडायचं. त्या इशाऱ्याचं मी दिवसभरात काय केलं ते संध्याकाळी तिथे लिहायचं. हिशेबाच्या माणसाला एवढं समजतं की एका बाजूची नोंद केली आणि दुसरी बाजू मोकळी राहिली तर ताळेबंद जुळत नाही.

डाव्या पानावरची ओळ कशी लिहावी यावर थोडं थांबते, कारण सगळी गंमत तिथे आहे. 'गर्व करू नये' असं लिहिलंत तर काहीच लिहिलं नाही. सुविचार झाला तो. इशाऱ्यात नाव, वेळ आणि कृती हवी: 'अकराच्या मीटिंगमध्ये ती कल्पना माझी होती हे सांगायला तोंड उघडू नकोस.' अशी ओळ लिहिताना लाज वाटते. वाटू द्या. वही कुणी वाचणार नाहीये.

पहिल्या आठवड्यासाठी भाग लागतील. यिर्मया ४५ झाला. दुसऱ्या दिवशी उत्पत्ती ४ मधला काइन घ्या. त्याच्या हातून भावाचा खून व्हायच्या आधी देव त्याच्याशी बोलतो, पाप दाराशी टपून बसलंय हे सांगतो, त्याला ताब्यात ठेव म्हणतो. मग गणना २२, दानीएल ४, मार्क १०, लूक १२, आणि २ इतिहास २६. क्रम कसाही चालेल.

लूक १२ वाचताना एक करून बघा. धनवान शेतकऱ्याच्या बोलण्यातल्या प्रत्येक 'मी' आणि 'माझं' भोवती पेन्सिलने गोल काढा. नंतर गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाला पाठवलेला एखादा लांबलचक मेसेज घ्या आणि त्यातही तेच करा. आणखी एक गोष्ट सहसा निसटते. हा दाखला येशूने सांगितला तो वतनातला वाटा मिळावा म्हणून तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या निमित्ताने. म्हणजे प्रश्न हक्काचा होता, लुबाडण्याचा नव्हता. हक्काच्या वाट्याच्या मागेही हाव लपून बसू शकते, हे तिथे कळतं.

दानीएल ४ मध्ये बारकाईने पाहायची गोष्ट म्हणजे मधला काळ. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला गेला, पाप सोडून गरिबांवर दया कर असा सल्लाही मिळाला. त्यानंतर १२ महिने काहीच झालं नाही. बारा महिन्यांनी राजा वाड्याच्या गच्चीवर फिरत होता आणि 'हे थोर बाबेल मीच बांधलं ना' म्हणाला. काही घडत नाही म्हणजे इशारा टळला असं आपल्याला वाटतं. खरं तर ती मुदत असते. म्हणून दर महिन्याच्या शेवटी मी वहीची आधीची डावी पानं चाळते. उजवं पान ज्यांचं कोरं राहिलंय ती नोंद पुढच्या महिन्यात ओढून आणते. आमच्या भाषेत शिल्लक पुढे.

गणना २२ मात्र मी उशिरा शिकले, आणि महागात शिकले. मधल्या एका वर्षी आमच्या विभागात वरची जागा रिकामी होणार होती. माझ्या बरोबरीची एक बाई आणि मी, दोघीच स्पर्धेत. मी तिच्या कामातल्या ५ चुकांचं एक पत्र तयार केलं. भाषा अतिशय सभ्य. 'संस्थेच्या हितासाठी' हे शब्द त्यात दोनदा होते. सकाळी प्रार्थनाही केली होती, आणि हे पत्र पाठवताना देवा तू सोबत राहा, असं चक्क म्हटलं होतं. आमच्याकडे तेव्हा नुकताच लागलेला एक मुलगा होता, झेरॉक्स काढणं आणि फायली लावणं हे त्याचं काम. पत्राच्या प्रती काढून आणल्या तेव्हा तो दारात थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, हे आज नका पाठवू." मी विचारलं, का? तो म्हणाला, "असंच." मला राग आला. कालचा पोरगा मला शिकवतो? मी त्याला जरा लागेल असं बोलले आणि पत्र पाठवलं.

पाचपैकी तिसरी चूक माझी निघाली. तिच्या तक्त्यात तो आकडा आला होता माझ्या तक्त्यातून, आणि त्या मुलाने दोन्ही कागद फाइलला लावताना ते पाहिलं होतं. मला तोंडावर सांगायची त्याची हिंमत झाली नाही. ती बाई सगळ्यांसमोर एक अक्षर बोलली नाही, फक्त तो कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली. माझ्याच हस्ताक्षरातला ७, जो १ सारखा दिसतो.

त्या रात्री गणना २२ मधली बलाम या द्रष्ट्याची गोष्ट काढली. गाढवी तीन वेळा अडते: आधी शेतात वळते, मग भिंतीला घासते आणि बलामाचा पाय चेंगरतो, शेवटी अरुंद वाटेत बसकण मारते. बलाम तिला मारतो आणि म्हणतो, हातात तलवार असती तर तुला ठारच केलं असतं. आणि तलवार तिथे असतेच, समोर उभ्या देवदूताच्या हातात. द्रष्ट्याला दिसली नाही, जनावराला दिसली. शिवाय बलामाला देवाने सुरुवातीलाच 'जाऊ नकोस' म्हटलेलं होतं. त्याला बोलावणाऱ्या बालाक राजाने आणखी मानाचे सरदार पाठवल्यावर त्याने पुन्हा विचारलं. एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा विचारावंसं वाटलं, तर मधे कुणी मान वाढवून दिला का, एवढं तपासायचं. तेव्हापासून माझ्या डाव्या पानावर कधीकधी शास्त्रभागाच्या खाली एक जादा ओळ असते: आज मला कुणी अडवलं, आणि मी कुणावर चिडले?

चिडण्याचं का विचारते? २ इतिहास २६ वाचा. उज्जीया ५२ वर्षं राज्य करणारा कर्तबगार राजा. बलाढ्य झाला तसं त्याचं मन उन्मत्त झालं आणि तो धूप जाळायला मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबर आणखी ८० जण त्याला अडवायला गेले. कोड फुटलं ते तो आत शिरला तेव्हा नाही. हातात धूपपात्र घेऊन तो याजकांवर संतापला, तेव्हा. मधल्या त्या क्षणी त्याला मागे फिरता आलं असतं. राग आला की मी आता एवढंच करते: उत्तर लिहिते, पाठवत नाही, आणि संध्याकाळी उजव्या पानासमोर बसल्यावर ते पुन्हा वाचते. दहातली आठ उत्तरं पुसली जातात.

एक सावधगिरी. प्रत्येक धाकधूक म्हणजे देवाचा इशारा नव्हे. ज्यांचा स्वभाव मुळात काळजीचा आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. शास्त्रातले इशारे पाहिले तर ते नेमके असतात आणि त्यांना परतीची वाट असते. काइनाला सांगितलं, बरं केलंस तर तुझी मान वर होणार नाही का. निनवे शहराला ४० दिवस मिळाले. नबुखद्नेस्सराला काय बदलायचं ते सांगितलं गेलं. उलट, 'तू वाईटच आहेस, तुझं काही खरं नाही' असा नुसता धूर मनात भरत असेल आणि करण्यासारखं काहीच हाती लागत नसेल, तर ती ओळ डाव्या पानावर लिहू नका. त्या दिवशी एखादं स्तोत्र वाचा आणि उठा. तेच रोज होऊ लागलं तर कुणा जाणत्या माणसाशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशीही. त्यात विश्वास कमी पडत नाही.

दुसरी सावधगिरी, 'देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय' म्हणणाऱ्यांची. १ राजे १३ मध्ये देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: तिथे खाऊ-पिऊ नकोस. एका वृद्ध संदेष्ट्याने, मला देवदूताने सांगितलंय, असं खोटंच सांगून त्याला जेवायला परत नेलं. परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. ही गोष्ट मला आजही बोचते, न्याय वाटत नाही. पण धडा कळतो: आपल्याला स्पष्ट मिळालेला इशारा दुसऱ्याच्या सोयीस्कर निरोपाने खोडायचा नसतो.

आता महत्त्वाकांक्षा. ऑफिसात चांगलं काम करायची इच्छा, पगार वाढावा ही इच्छा, यांना मी पाप म्हणत नाही. मार्क १० मध्ये याकोब आणि योहान हे येशूचे शिष्य त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात, तेही येशू स्वतःच्या मरणाविषयी नुकताच बोललेला असताना. येशू त्यांना मोठं व्हायची इच्छाच सोडा असं म्हणत नाही. मोठं व्हायचंय तर सेवक व्हा म्हणतो. आणि बाकीचे दहा जण रागावले, तेही काही फार नम्र होते म्हणून नसावं. माझी परीक्षा साधी आहे: हेच काम पूर्ण झालं आणि त्यावर नाव दुसऱ्या कुणाचं लागलं, तर मी ते करीन का? उत्तर 'हो' आलं तर बिनधास्त करा. 'नाही' आलं तरी काम टाकून देऊ नका, कारण त्याने घराचं आणि ऑफिसचं दोन्हींचं नुकसान होतं. त्या कामातला एक तुकडा मुद्दाम निनावी करा. कुणाला तरी मदत करा आणि कळू देऊ नका. दर आठवड्याला एक पुरे. त्याहून जास्त केलं की निनावीपणाचाच गर्व चढतो. मला चढला होता.

दिवस चुकतील. चुकलेली पानं मागून भरत बसू नका, ती खोटी नोंद होते. तारीख टाका, पान कोरं सोडा, पुढे जा.

सध्या माझं वाचन ३ योहान चालू आहे, दियत्रेफसपाशी आलेय, ज्याला पहिलं स्थान प्यारं होतं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेचा अहवाल मी लिहिलाय. डाव्या पानावर आजची ओळ आहे: 'रविवारी अहवाल तिला वाचू दे.' ती म्हणजे नवी सहसचिव, वाचताना अडखळते, आणि माझी वाक्यं फार छान जमली आहेत. उजवं पान अजून कोरं आहे. आज गुरुवार.