ट्यूब प्रीअँपमधून घूं येतंय? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

घरी १२एएक्स७ या ट्यूबवर प्रीअँप (मुख्य अँपच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारा भाग) बांधलाय आणि स्पीकरमधून सतत घूं येतंय, तर लगेच भारीतले कपॅसिटर मागवत बसू नका, आधी नीट कान देऊन ऐका. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आवाज खर्जातला, गुळगुळीत असेल तर बहुतेक हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी नाहीतर ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन झालेलं वेटोळं), आणि जरा वरचा चरचरीत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचं (एसीचं डीसी झाल्यावरचं) फिल्टरिंग कमी पडतंय. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) इनपुटलाच असेल तर तो पूर्ण खाली करा, घूं गेलं तर भानगड केबल किंवा सोर्सकडून येतेय, तसंच राहिलं तर आतली.

आत हात घालायच्या आधी मात्र प्लग काढा आणि मीटर लावून बघाच, २५०-३०० व्होल्ट कपॅसिटरमध्ये बसून असतात. ४७ मायक्रोफॅरडवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा लावला की मिनिटभरात उतरतात.

आता हीटर. ६.३ व्होल्टला पिन ४ आणि ५ एकत्र, दुसरी वायर ९ वर, दोन्हींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कडेकडेने न्या, ग्रिडच्या (सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो त्या) पिन २ आणि ७ पासून लांब. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) नसेल तर दोन्ही वायरींवरून एकेक १०० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा, हे लोक सर्रास विसरतात आणि मग बिचाऱ्या ट्यूबला शिव्या घालतात.

आणि घूं नाही पण आवाजच नाही, प्लेटवर (ट्यूबच्या सप्लायकडच्या टोकावर) पूर्ण सप्लायएवढेच व्होल्ट दिसतायत? मग ट्यूबमधून करंटच जात नाहीये, हीटर पेटलाय का बघा, नाहीतर कॅथोडच्या (ट्यूबच्या ग्राउंडकडच्या टोकाच्या) रेझिस्टरचं सोल्डरिंग.