कानात क्लिक, समोर हात

एसटी स्टँडवर शूट झालेल्या एका लघुपटाचं पार्श्वसंगीत आम्ही लातूरात, माझ्या क्लासच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं. चार व्हायोलिन, आणि लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम. क्लॅरिनेटवाल्या मामांनी हेडफोन चढवला आणि विचारलं, "ताई, मशीन कानात मोजायलंय की. मग तुम्ही हात कामून हलवता?"

प्रश्न रास्त आहे. पण आधी मशीनचं काम.

एडिट लॉक झाल्याशिवाय, म्हणजे चित्राची काटछाट पक्की झाल्याशिवाय, स्वर लिहायला बसू नका. मग मोक्याचा क्षण सेकंदात मोजा. आमच्या सीनमध्ये ४८व्या सेकंदाला बस हलते, ७२व्याला सीन संपतो. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली की एक मात्रा पाऊण सेकंदाची. ४८ सेकंदांत ६४ मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची चार आवर्तनं. बस हलते ती पाचव्या आवर्तनाच्या समेवर, पहिल्याच मात्रेला! लय ८४ धरली असती तर तोच क्षण अधल्यामधल्या मात्रेत हरवला असता. मात्रा मोजणारी हेडफोनमधली टिकटिक म्हणजे क्लिक; ही सोय हॉलिवूडमध्ये १९३०च्या दशकापासून आहे. तेव्हा त्यासाठी फिल्मवर भोकं पाडत.

हेडफोन कान पूर्ण झाकणारेच घ्या, नाहीतर टिकटिक माइकमध्ये शिरते. आम्ही पंखे बंद केले, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि रात्री अकरानंतर बसलो. आधी व्हायोलिन, मग त्यावर बँडची वाद्यं. एकत्र घेतलं तर ट्रम्पेट व्हायोलिनच्या माइकमध्ये उतरतो, आणि नंतर संवादाखाली एकट्या ट्रम्पेटचा आवाज कमी करता येत नाही.

आता मामांचा प्रश्न. क्लिक फक्त मात्रा मोजतो. पुढच्या मात्रेला काय घडणार, ते त्याला माहीत नसतं. पडदा वादकांच्या पाठीमागे आणि कंडक्टरच्या (बसच्या नव्हे, हाताने वादकांना इशारे देणाऱ्याच्या) समोर ठेवा. चित्र त्यानेच बघायचं. मामांना तीन आवर्तनं गप्प बसून मग हलकेच शिरायचं होतं. समेच्या एक मात्रा आधी मी त्यांच्याकडे बघून श्वास घेतला, त्यांनीही घेतला, आणि सूर फुंकर मारल्यासारखा आला. त्याआधीच्या दोन टेकमध्ये मी नुसती मात्रा दाखवत होते; दोन्ही वेळा तो सूर दचकून आला होता. उजव्या हाताने लय आणि डाव्याने आवाजाची चढउतार दाखवायची, हे आरशासमोर आठवडाभर करून बघा.

६०व्या सेकंदाला, सहाव्या आवर्तनाच्या समेवर, आम्ही क्लिक बंदच केला. आई रिकाम्या फलाटावरून परत फिरते, तिथे ठोक्याला बांधलेलं संगीत मला सहन होईना. अशा ठिकाणी व्हिडिओवर एक उभी रेघ टाका: ७०व्या सेकंदाला डाव्या कडेला दिसेल, सरकत ७२व्याला उजव्या कडेला पोचेल आणि पांढरा उजेड चमकेल. तो शेवटचा सूर. मधली लय कंडक्टरच्या हातात.

सूर संपला तरी हात खाली आणू नका. हात वर आहे तोवर कुणी खुर्ची हलवत नाही, आणि हॉलमध्ये विरत जाणारा आवाज पूर्ण रेकॉर्ड होतो.