गुळवेल एकत्र विकायची तर: शहापूरच्या पाड्यांसाठी

शहापूरच्या रानात गुळवेलीला तोटा नाही. तरी ओल्या वेलाचे भारे एकेकट्याने नेऊन विकले की भाव व्यापारीच ठरवतो. वाळवण आणि विक्री पाड्याने हातात घेतली, तर पैसा पाड्यात राहतो.

आधी हक्काचं बघा. वनहक्क कायदा, 2006 नुसार सामूहिक दावा, म्हणजे रानातल्या मालावर सगळ्या गावाचा हक्क मागणारा अर्ज, ग्रामसभेतून जातो. सभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, मग गणपूर्ती होणार कुठून? म्हणून सभा दिवाळीआधीच घ्या. पुरावे किमान दोन जोडा. त्यातला एक जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. शेजारच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन शिव फिरा, त्यांच्या सह्या घ्या. शिवेचा वाद नंतर निघाला की दावा लोंबकळतो. कागद दिल्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. हक्क मिळाला की मालाचा वाहतूक परवाना ग्रामसभेचीच समिती देते, त्याला शुल्क नाही. कायद्याच्या नियमांतल्या 2012 च्या दुरुस्तीने हे स्पष्ट केलं आहे.

तोड पाऊस सरल्यावर. अंगठ्याएवढी जाड, जून वेल घ्या. बुंध्याकडचा हातभर भाग आणि मुळं राहू द्या, तिथूनच पुन्हा फुटवा येतो. वरची पातळ साल खरवडा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि सावलीत, जमिनीपासून उंच जाळीवर पातळ पसरा. दिवसातून दोनदा हलवा. तुकडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर वाळला. नुसता वाकला तर आत ओल आहे; असा माल पोत्यात भरला की आतून काळा पडतो, बुरशी धरतो, आणि एका पोत्यापायी सगळी गाडी परत येते. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, बारदान वापरा, थप्पी फळ्यांवर लावा.

भाव सांगण्याआधी 10 किलो ओली वेल मोजून वाळवा आणि पुन्हा तोला. 3 किलो उरली, तर सुक्याचा भाव ओल्याच्या साडेतीनपट असला तरी मेहनतीला फारसं काही सुटत नाही. त्याहून वर मागा.

खरी अडचण पैशाची असते. घरात दाणे नसले की बाई उचल घेते आणि माल उचल देणाऱ्याकडे जातो. त्यात तिचा दोष नाही. म्हणून माल विकणाऱ्या पाड्याच्या गटाने खरेदीआधीच भांडवल उभं करावं आणि माल तोलल्याबरोबर निम्मी रक्कम रोख द्यावी. उरलेली विक्रीनंतर. वहीत तारीख, नाव, ओलं वजन, सुकं वजन, पोत्याचा नंबर आणि दिलेली रक्कम लिहा. वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. बँक खात्यावर तिघांच्या सह्या ठेवा, त्यातल्या दोन बायांच्या.