टर्नटेबलखाली रबर ठेवण्याआधी

घरातल्या प्रत्येक ऑडिओ उपकरणाखाली सरसकट रबराचे पाय सरकवणाऱ्यांशी माझं पटत नाही. कंपनाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. सगळ्यात नाजूक टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, कारण त्याच्या सुईचं कामच कंपन वाचायचं. तबकडीच्या खाचेतली वळणं मायक्रोमीटरच्या हिशेबातली असतात आणि आलेली थरथर तबल्याची की दार आपटल्याची, हे सुईला कळत नाही. त्याखालोखाल व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा अॅम्प्लिफायर. तो चालू असताना पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने व्हॉल्व्हवर हलकेच ठोका (बोट लावू नका, भाजेल). स्पीकरमधून ‘टिंग’ आलं तर मऊ पायांचा उपयोग होईल. ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर असेल तर पैसे वाचवा. माझ्या अॅम्प्लिफायरखाली त्याच्याच पायांशिवाय काही नाही.

टर्नटेबलची परीक्षा अशी घ्या. आवाज पूर्ण खाली, मोटर बंद, प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) थांबलेला. एखादी जुनी, नकोशी तबकडी ठेवून सुई तिच्यावर टेकवा. मग आवाज नेहमी ऐकता तिथपर्यंत हळूहळू वाढवा. मध्येच घूं-घूं सुरू झालं तर लगेच कमी करा: कुठली तरी थरथर सुईपर्यंत जाते, स्पीकरमधून मोठी होऊन फळीत उतरते आणि पुन्हा सुईकडे येते. तसं झालं नाही, तर बोटाच्या पेराने फळीवर टकटक करा. धप्प असं मोठ्याने ऐकू आलं तर फळीकडे बघा. आता खोलीत चालून बघा. पावलागणिक वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा आत-बाहेर होत असेल तर दोष जमिनीचा.

लाकडी, लवचीक जमिनीवर मी स्प्रिंगच्या वाटेला जातच नाही. असली जमीन स्वतःच काही हर्ट्झवर (सेकंदाला काही वेळा) डुलते आणि मऊ स्प्रिंगही तेवढ्यावरच डुलते. दोघींची गाठ पडली की हादरा वाढतो. टर्नटेबल सरळ पक्क्या भिंतीवर ठोकलेल्या फळीवर न्या. पार्टिशनची भिंत नको.

जमीन काँक्रीटची आणि त्रास स्पीकरचा असेल, तर स्प्रिंग किंवा रबर. पण किती मऊ? वजनाने पाय किती मिलीमीटर दबतो ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि 16 ला त्याने भागा. येईल ती साधारण त्या पायाची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर तो स्वतःहून डुलतो तो वेग, हर्ट्झमध्ये. कंपन अडणं सुरू होतं त्याच्या 1.4 पटीच्या वर. त्याच्या खाली काही अडत नाही, उलट नैसर्गिक वारंवारतेच्या आसपास ते वाढतं. रबराचा पाय अर्धा मिलीमीटर दबला तर उत्तर 22 च्या पुढे, म्हणजे 32 हर्ट्झच्या खालचं सगळं सुखरूप वर पोहोचतं. रबर हलताना आणखी ताठ वागतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून वाईटच. स्प्रिंग 10 मिलीमीटर दबली तर 5 हर्ट्झ. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुई असलेला भाग) यांची जोडी स्वतः 8 ते 12 हर्ट्झच्या आसपास डुलते, त्यामुळे पायाची वारंवारता त्याच्या बरीच खाली हवी.

टर्नटेबल 8 किलोचं असेल तर चार पायांवर सरासरी दोन-दोन किलो येतात, म्हणजे दोन किलोला 10 मिलीमीटर दबणारी स्प्रिंग. मात्र वजन कधीच सारखं वाटलेलं नसतं. सगळं बसवल्यावर प्लॅटरवर पाणसळ ठेवा आणि जड बाजूची स्प्रिंग बदला. स्प्रिंग फार वेळ झुलत राहिली तर तिच्या पोटात स्पंजचा तुकडा सैलसा भरा. आणि मागच्या वायरी! ताणलेली जाड वायर सगळी मेहनत फुकट घालवते, कारण कंपन तिच्यातूनच वर चढतं. तिला सैल वळण द्या.

काही टर्नटेबलांच्या पोटातच स्प्रिंगा असतात. 1961 साली आलेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या टर्नटेबलमध्ये एडगर विलचर यांनी प्लॅटर आणि टोनआर्म एकाच सांगाड्यावर बसवून तो सांगाडा स्प्रिंगांवर तरंगता ठेवला होता. हादरा बसला तर दोन्ही एकत्र हलतात, त्यामुळे सुईला खाच जागची हलल्याचं फारसं जाणवत नाही. असलं यंत्र असेल तर खाली आणखी स्प्रिंगा घालू नका. हलकं, ताठ टेबल पुरे.

स्पीकरचं काम त्या मानाने सोपं. टेबलावरचे छोटे स्पीकर टेबलाच्या फळीला वाजवतात आणि माणसाचा आवाज घुमल्यासारखा येतो. खाली दाट फोमचे तुकडे ठेवा, फरक लगेच कळेल. टोकदार स्पाइक कंपन अडवत नाहीत. ते गालिच्यातून फरशीला टेकतात आणि स्पीकर डुलू देत नाहीत, एवढंच.

सबवूफरखाली (सगळ्यात खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरखाली) मऊ पाय घातल्यावर 20 ते 200 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे हळूहळू चढत जाणारा सूर, वाजवून खोलीभर फिरा. तरीही काही खडखडत असेल तर हवेने हलतंय, जमिनीने नव्हे. त्या फोटोच्या चौकटीमागे किंवा कपाटाच्या काचेला फेल्ट चिकटवा. शेजाऱ्यांकडे हवेतून जाणारी घुमघुम मात्र कुठल्याच पायाने थांबणार नाही. तिथे सबवूफरचं बटणच खाली करावं लागतं.